पिल्लाच्या कानाची खाज : कानात काही घालण्यापूर्वी काय पाहावे?

पर्वतीपायथा | ६ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार. तीन आठवड्यांपूर्वी आमच्या घरी एक पिल्लू आले. धायरीतील एका परिचितांच्या गोठ्याशेजारी देशी कुत्रीने सहा पिल्ले दिली होती, त्यांतली ही एक. तिचे नाव आम्ही बकुळ ठेवले आहे. वय अकरा आठवडे, वजन साडेचार किलो, पहिली लस झालेली आहे. आईचे कान ताठ असले तरी बकुळचे कान पूर्ण पडलेले आहेत, त्यावरून वडील लॅब्रेडॉर असावेत असा आमचा अंदाज आहे.

गेले दहा दिवस ती मागच्या पायाने सारखी कान खाजवते आणि मध्येच थांबून डोके इतक्या जोराने झटकते की कानांचा फटफट आवाज शेजारच्या खोलीत ऐकू येतो. रात्री झोपेतूनही दोन-तीन वेळा उठते. दोन्ही कानांत काळपट तपकिरी, कोरडा, कॉफीच्या पुडीसारखा मळ दिसतो. कापसाने वरवर पुसला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तितकाच साचलेला असतो. वास फारसा येत नाही. खाणेपिणे आणि खेळणे व्यवस्थित आहे.

सासूबाईंचे म्हणणे असे की लसणाची पाकळी तळून कोमट केलेल्या तेलाचे दोन थेंब घालावेत. त्यांच्या माहेरी, भोरकडे, माणसांच्या आणि जनावरांच्याही कानावर हाच उपाय करीत. खालच्या मजल्यावरच्या काकांनी त्यांच्या कुत्र्यासाठी आणलेल्या कानाच्या थेंबांची अर्धी उरलेली बाटली आणून दिली आहे. दोघांनीही आपुलकीने सांगितले आहे, पण या दोहोंपैकी मी अजून काहीच केलेले नाही, कारण आत नेमके काय झाले आहे हेच मला माहीत नाही. आमच्या घरी यापूर्वी कधी कुत्रे नव्हते. अंघोळ, नखे, केस विंचरणे यांतलेही मला काही येत नाही. गेल्या आठवड्यात घरातल्या लहान मुलांच्या शाम्पूने तिला एकदा अंघोळ घातली, तेही चुकले की काय अशी शंका आता येते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

शिरवळ ते पुणे | ६ जुलै, रात्री १०.५५

ताई, आपण थांबलात हे फार चांगले केलेत. मी पशुवैद्यक आहे, शिरवळच्या महाविद्यालयात शिकलो आणि आता पुण्यात काम करतो. इथे लिहून निदान होत नसते, पण कानात काही घालण्यापूर्वी तपासणी का हवी हे नीट सांगता येईल.

माणसाच्या कानाची नळी आखूड आणि जवळजवळ सरळ असते. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग नळाच्या एल्बोसारखी वळून पडद्याकडे जाते. त्यामुळे आपल्याला बाहेरून जे दिसते तो फक्त वरचा भाग असतो. खरा प्रकार बहुतेक वेळा वळणाच्या पलीकडे चाललेला असतो आणि तो कान तपासण्याच्या दुर्बिणीनेच दिसतो. इअरबड वापरू नये असे आम्ही सांगतो त्याचेही कारण हेच. त्याने मळ बाहेर येण्याऐवजी वळणाच्या पुढे ढकलला जातो, आणि पिल्लाने ऐनवेळी मान हलवली तर इजा होते ती वेगळीच.

लसणाच्या तेलाविषयी सासूबाईंना आदराने सांगावे की लसूण आणि कांदा कुत्र्यांना अपायकारक आहेत. त्यांच्यामुळे रक्तातील तांबड्या पेशींची हानी होते. कानात दोन थेंब घातल्याने लगेच तसे होईल असे नाही, पण पिल्लू कान खाजवून तोच पाय चाटते, शिवाय सुजलेल्या त्वचेला लसणाने आग होते. नुसते खोबरेल तेल घातले तरी ते नळीत साचते, मळाचा लगदा होतो आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना पडदाच दिसत नाही.

काकांच्या बाटलीचा प्रश्न यापेक्षा गंभीर आहे. कानाच्या बहुतेक थेंबांत जिवाणूंवरचे औषध, बुरशीवरचे औषध आणि सूज उतरवणारे स्टेरॉइड एकत्र असते. स्टेरॉइडमुळे खाज दोन दिवसांत कमी होते आणि आजार बरा झाला असे वाटते, पण मूळ कारण तिथेच राहते. पडदा फाटलेला असेल तर त्यातील काही औषधे आतल्या कानापर्यंत पोहोचून ऐकण्यावर आणि तोल सांभाळण्यावर परिणाम करू शकतात. पडदा शाबूत आहे की नाही हे घरी कळण्याचा मार्ग नाही.

मळाच्या रंगावरून अंदाज बांधता येतो, निदान करता येत नाही. आपण वर्णन केलेला कॉफीच्या पुडीसारखा कोरडा मळ हे कानातल्या किड्यांचे, म्हणजे ऑटोडेक्टिस नावाच्या सूक्ष्म कोळीवर्गीय परजीवींचे, नेहमीचे लक्षण आहे, आणि पिल्लांना ते आईकडून किंवा भावंडांकडून सहज लागतात. मात्र मॅलासेझिया नावाच्या यीस्टमुळेही, म्हणजे एका प्रकारच्या बुरशीमुळेही, तपकिरी मळ येतो, फक्त तो बहुधा तेलकट असतो आणि त्याला आंबूस वास येतो. पिवळसर पू असेल तर जिवाणूंचा संशय घ्यावा लागतो. कधी कधी तिन्ही एकत्र असतात.

आता मला तीन गोष्टी सांगा. घरात दुसरा कुठला प्राणी आहे का? कानाच्या पाळीच्या कडेला किंवा कोपरांवर खपल्या आहेत का? घरातल्या कुणाच्या हातांवर किंवा पोटावर खाजरे पुरळ उठले आहे का? शेवटचे दोन प्रश्न खरजेसाठी आहेत, कारण कुत्र्याची खरूज माणसालाही काही काळ त्रास देते.

मान एका बाजूला कलणे, चालताना झोकांड्या जाणे, डोळ्यांची बुबुळे आपोआप हलणे, कानाची पाळी फुग्यासारखी सुजणे किंवा कानातून रक्त येणे, यांपैकी काहीही दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

पर्वतीपायथा | ६ जुलै, रात्री ११.२०

इतक्या सविस्तर उत्तरासाठी मनापासून आभार. खपल्या नाहीत, आणि आम्हा कुणालाही पुरळ नाही. घरात सहा वर्षांची एक मांजर आहे, मनी. आपण विचारल्यावर मी तिच्याकडे मुद्दाम पाहत बसले, तर तीही अर्ध्या तासात चार वेळा डोके झटकताना दिसली आणि तिच्या डाव्या कानातही तसाच काळा मळ आहे. दोघी एकाच चटईवर झोपतात. हे माझ्या लक्षातच आले नव्हते याचे फार वाईट वाटते आहे.

शिरवळ ते पुणे | ६ जुलै, रात्री ११.४५

वाईट वाटून घेऊ नका. मांजरे दुखणे लपवतात. आता मात्र दोघींना एकाच वेळी तपासायला न्या. कानातले हे किडे मांजराकडून कुत्र्याकडे आणि उलटही जातात, त्यामुळे एकीवरच उपचार केला तर महिनाभरात दुसरीकडून ते परत येतात.

एक गोष्ट काळजीपूर्वक लक्षात ठेवा. कुत्र्यांसाठी मिळणारी पिसवा-गोचिडांची काही औषधे, विशेषतः परमेथ्रिन असलेली, मांजरांसाठी विषारी असतात. ती मांजराला तर लावायची नाहीतच, पण कुत्र्याच्या अंगाला लावल्यानंतर मांजर त्याला चिकटून झोपले किंवा त्याला चाटले तरी धोका असतो. घरात मांजर आहे हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण सांगा.

कसबा पेठ | ७ जुलै, सकाळी ८.१५

मी आमच्या भागातल्या वीस-बावीस रस्त्यावरच्या कुत्र्यांची देखभाल करतो. आमच्याकडे कानाचे किडे, खरूज, सगळ्यावर आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन देतात आणि बहुतेक वेळा गुण येतो. खर्च फार कमी होतो. धागाकर्त्या, म्हणजे ही चर्चा सुरू करणाऱ्या, ताईंना मोठ्या दवाखान्याचा खर्च सुचवण्याआधी हा पर्यायही सांगायला हवा. तसेच, ताठ कानांच्या देशी कुत्र्यांचे कान आम्ही कधीच धूत नाही आणि त्यांना काही होत नाही. कान स्वच्छ करण्याचा एवढा बाऊ करू नये असे माझे अनुभवाचे मत आहे.

शिरवळ ते पुणे | ७ जुलै, दुपारी २.०५

दादा, आपण जे काम करता त्याबद्दल मला आदर आहे, आणि दुसऱ्या मुद्द्यावर मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. निरोगी कान स्वतःची स्वच्छता स्वतः करतो. नळीतील त्वचा हळूहळू आतून बाहेर सरकत असते आणि मळ बरोबर घेऊन येते. ताठ कानात हवा खेळते, म्हणून ओल टिकत नाही. अशा कानात दर आठवड्याला औषधी पाणी घातले तर उलट त्वचा नरम पडते आणि संसर्गाला जागा मिळते.

पहिल्या मुद्द्यावर मात्र सावधगिरीची विनंती आहे. औषध म्हणून आयव्हरमेक्टिन वाईट नाही, अनुभवी डॉक्टरांच्या हाती ते उपयोगीच आहे. पण आपल्याकडे सर्रास मिळते ते इंजेक्शन गुरांसाठीचे असते आणि त्याच्या एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असते. तीनशे किलोच्या गाईसाठी बनवलेले हे द्रावण साडेचार किलोच्या पिल्लाला देताना अंदाजात थेंबभर चूक झाली तरी मात्रा बरीच वाढते. फार लहान पिल्लांमध्ये आणि कॉली जातीचे रक्त असलेल्या कुत्र्यांमध्ये हे औषध मेंदूत शिरून झोकांड्या, तात्पुरते अंधत्व, झटके, बेशुद्धी असे प्रकार होतात. संकराच्या पिल्लात कोणते रक्त आहे हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. आता यापेक्षा सुरक्षित औषधे उपलब्ध आहेत.

खर्चाचा आपला मुद्दा रास्त आहे. औंधला शासनाचे जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, तिथेही दाखवता येईल. कानाची मूळ तपासणी, म्हणजे दुर्बिणीने पाहणे आणि मळाचा नमुना काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणे, ही महागडी गोष्ट नाही. बहुतेक ठिकाणी ती त्याच भेटीत होते.

कसबा पेठ | ७ जुलै, रात्री ८.३०

गुरांच्या इंजेक्शनबद्दलचे म्हणणे पटले. गेल्या पावसाळ्यात एका पिल्लाला इंजेक्शननंतर दोन दिवस उभे राहता येत नव्हते आणि आम्ही ते अशक्तपणामुळे असेल असे समजलो होतो. ते पिल्लू जगले, पण आज आपले उत्तर वाचल्यावर त्याचा अर्थ लागला. यापुढे पिल्लांचे वजन काट्यावर करून, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देणार नाही.

बावधनची टेकडी | ७ जुलै, रात्री ९.५०

माझा अनुभव उरलेल्या बाटलीविषयीचा आहे आणि तो थोडा मोठा आहे, पण नवीन पालकांना उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

आमचा गोल्डन रिट्रीव्हर दीड वर्षाचा असताना त्याचे कान पहिल्यांदा लाल झाले. एका दवाखान्यात थेंब दिले, आठवड्यात बरे वाटले. दोन महिन्यांनी पुन्हा तसेच झाले, तेव्हा मी दवाखान्यात न जाता तेच थेंब दुकानातून आणले. असे दोन वर्षांत सहा-सात वेळा झाले. दर वेळी बरे वाटायला जास्त दिवस लागत आणि मध्यंतर कमी होत गेले. शेवटी कानातून हिरवट पाणी आणि असह्य वास येऊ लागला. जागरणाने तो आणि आम्ही, दोघेही थकलो होतो. नव्या डॉक्टरांनी नमुना प्रयोगशाळेत पाठवला तेव्हा कळले की त्यातील जिवाणू मी वापरत असलेल्या औषधाला दादच देत नव्हते. मधूनमधून, अर्धवट, मनाने वापरलेल्या थेंबांनी मीच त्यांना ती सवय लावली होती.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे मूळ आजार कानाचा नव्हताच. त्याला अ‍ॅलर्जी होती. तो पंजे चाटायचा, काखेत खाजवायचा, आणि या गोष्टींचा कानाशी संबंध आहे हे मला कुणी सांगितले नव्हते व मीही विचारले नव्हते. आठ आठवडे त्याला एकच ठरावीक अन्न दिले, त्यात कोंबडी नाही, दूध-दही नाही, पोळीचा तुकडासुद्धा नाही. घरातल्या सगळ्यांना हे पाळायला लावणे हाच सर्वांत कठीण भाग होता, कारण आजोबांच्या ताटाशेजारी बसून काहीतरी मिळवणे हा त्याचा रोजचा नेम होता. नंतर एकेक पदार्थ परत देऊन पाहिला, तेव्हा कोंबडीने दहा दिवसांत कान पुन्हा लाल झाले. आता दीड वर्ष त्याचे कान शांत आहेत.

बकुळ फार लहान आहे, तिच्या बाबतीत हे असेलच असे नाही. पण उपचार पूर्ण होऊनही कान पुन्हा पुन्हा बिघडू लागले तर कानाकडेच पाहत बसू नका, पूर्ण त्वचेकडे पाहा.

पर्वतीपायथा | ८ जुलै, सायंकाळी ७.१०

आज दोघींना दाखवून आणले. डॉक्टरांनी आधी दुर्बिणीने पाहिले, बकुळचे दोन्ही पडदे शाबूत आहेत. मग मळाचा एक कण तेलाच्या थेंबात काचपट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकातून मलाही पाहू दिले. पांढरट, आठ पायांचे, संथपणे हलणारे किडे होते. ते पाहिल्यावर इतके दिवस त्या लहान जिवाला काय होत असेल याची कल्पना आली आणि डोळ्यांत पाणी आले. मनीच्या कानातही तेच निघाले. दुसऱ्या पट्टीवर रंग देऊन पाहिले, त्यात थोडे यीस्टही आहे.

दोघींना खांद्यांच्या मध्ये, जिथे जीभ पोहोचत नाही तिथे, त्वचेवर सोडायचे औषध दिले आहे. औषधाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रत्येकीची मात्रा वजनाप्रमाणे वेगळी आहे आणि कुणी नावावरून परस्पर आणू नये असे वाटते. महिन्याने पुन्हा तपासणी आणि पुन्हा तेच औषध आहे. किड्यांचे अंड्यापासून पूर्ण वाढीपर्यंतचे चक्र साधारण तीन आठवड्यांचे असते, म्हणून मध्येच बरे वाटले तरी थांबायचे नाही, असे त्यांनी बजावले. चटई आणि पांघरुणे गरम पाण्याने धुवायला सांगितली आहेत. कान स्वच्छ करण्याचे द्रावण दिले आहे, ते आठवड्यातून दोनदा वापरायचे आहे. दवाखान्यात त्यांनी करून दाखवले, पण घरी बकुळ हातात राहत नाही. कृपया पद्धत पुन्हा सांगाल का?

शिरवळ ते पुणे | ८ जुलै, रात्री १०.३०

फार छान झाले, आणि पडदे शाबूत आहेत म्हणून आता कान स्वच्छ करायला हरकत नाही.

बाटली आधी पाच मिनिटे मुठीत धरा किंवा कोमट पाण्यात ठेवा. थंड द्रव कानात गेला की दचकून पळणे स्वाभाविक आहे, आणि पहिल्याच वेळी दचकलेले पिल्लू पुढे वर्षभर बाटली पाहून लपते. तिला जमिनीवर बसवा आणि तिची पाठ आपल्या पोटाशी येईल असे मागे बसा. पाळी हलकेच वर धरली की नळी थोडी सरळ होते. बाटलीचे टोक कानाला टेकवू नका, नाहीतर कानातला संसर्ग बाटलीत जातो. नळी भरेल इतके द्रावण सोडा, थेंब-दोन थेंब पुरत नाहीत. मग पाळी सोडून कानाच्या बुडाशी, जबड्याच्या मागे, अंगठा आणि बोटांनी अर्धा मिनिट चोळा. आतून पचपच असा आवाज यायला हवा. तो आला म्हणजे द्रावण वळणापर्यंत पोहोचले. नंतर हात काढून घ्या आणि तिला मनसोक्त डोके झटकू द्या, कारण आतला मळ वर आणण्याचे काम ती स्वतः आपल्यापेक्षा चांगले करते. शेवटी बोटाला कापूस गुंडाळून, बोट सहज जाईल तितकेच पुसा.

ती हातात राहत नसेल तर आज कान धुऊच नका. दोन दिवस फक्त कानाला हात लावायचा आणि लगेच एक खाऊचा दाणा द्यायचा, मग पाळी उचलायची आणि दाणा, मग बाटली जवळ आणायची आणि दाणा. औषध त्वचेतून काम करीत असल्याने दोन दिवसांचा उशीर चालेल. पिल्लांच्या मनात आपला हात कसा ठसतो हे साधारण पहिल्या चौदा आठवड्यांत ठरत जाते, आणि बकुळ नेमकी त्या वयात आहे.

हायड्रोजन पेरॉक्साइड, व्हिनेगर, डेटॉलचे पाणी, टी ट्री तेल यांपैकी काहीही वापरू नये. टी ट्री तेल कुत्र्यांना आणि मांजरांना विषारी आहे.

कातरी आणि फणी | १० जुलै, दुपारी ३.४०

मी चौदा वर्षे पुण्यात श्वानांच्या केशनिगेचे काम करते. अंघोळीविषयी धागाकर्त्या ताईंनी विचारले होते, ते मागे राहिले म्हणून लिहिते.

आधी हे सांगते की लसीकरण पूर्ण होईपर्यंत बकुळला कुठल्याही पार्लरमध्ये नेऊ नका, माझ्याकडेही नको. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो, आणि पिल्लांच्या लसींची मालिका साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालते. तोपर्यंत लागणारी निगा घरीच होऊ शकते.

लहान मुलांच्या शाम्पूने एकदा अंघोळ घातल्याने काही बिघडले नाही. पण माणसाची त्वचा आम्लधर्मी असते, कुत्र्याची त्यापेक्षा बरीच उदासीन, त्यामुळे आपले शाम्पू नेहमी वापरले तर त्वचा कोरडी पडते आणि खाज वाढते. पिल्लांसाठीचा सौम्य शाम्पू आणा. आखूड केसांच्या पिल्लाला महिन्यातून एक अंघोळ पुरे. पावसाळ्यात चिखल लागला म्हणून रोज अंघोळ घालणारे पालक मी पाहते. त्याऐवजी पाय आणि पोट ओल्या फडक्याने पुसून कोरडे करा. बोटांच्या मधली जागा कोरडी करणे हे अंघोळीपेक्षा महत्त्वाचे आहे. सोसायटीत टँकरचे किंवा बोअरचे जड पाणी येत असेल तर शाम्पू धुवायला दुप्पट वेळ द्या. मागे राहिलेला साबण हे माझ्याकडे येणाऱ्या अनेक खाजऱ्या कुत्र्यांचे साधे कारण असते.

अंघोळीच्या वेळी डोक्यावर पाणी ओतू नका. मानेपासून मागे धुवा आणि चेहरा ओल्या कापडाने पुसा. नंतर पाळी उलटी करून आतून कोरड्या कापडाने टिपा. पडलेल्या कानाखाली, जुलैच्या दमट हवेत, राहिलेली ओल दोन दिवस सुकत नाही.

सिंहगड रस्ता | १० जुलै, सायंकाळी ६.२५

कानांतले केस उपटण्याविषयी आपले मत काय? आमच्या शिह त्झू जातीच्या कुत्र्याच्या कानातले केस एका पार्लरमध्ये न विचारता उपटले. दुसऱ्या दिवशी दोन्ही कान लाल होऊन सुजले आणि आठ दिवस औषध द्यावे लागले. पार्लरचे म्हणणे असे की ही नेहमीची पद्धत आहे.

कातरी आणि फणी | १० जुलै, रात्री ९.००

ती नेहमीची पद्धत होती हे खरे आहे. मला शिकवणाऱ्यांनीही तसेच शिकवले आणि सुरुवातीची काही वर्षे मी तसेच केले. आता करीत नाही. केस उपटल्यावर प्रत्येक मुळाशी बारीक जखम होते, आणि कान निरोगी असेल तर ती जखम करून घेण्याचे कारणच नसते. केसांनी नळी पूर्ण बुजली असेल आणि डॉक्टरांनी सांगितले असेल तरच थोडे केस काढावेत. बाकी वेळी बाहेरचे केस कातरले की पुरते. न विचारता केले हे तर चूकच आहे. यापुढे कुत्रे सोडताना "कानाला हात लावू नका" असे स्पष्ट सांगत जा.

बावधनची टेकडी | ११ जुलै, सकाळी ७.३०

टेकडीवर फिरायला नेणाऱ्यांसाठी एक भर घालते. पावसाळा संपला की वेताळ टेकडी, तळजाई, सगळीकडे कुसळी गवत वाळते. त्याची टोकदार कुसळे केसांत अडकतात आणि पुढेच सरकत राहतात, मागे येत नाहीत. बोटांच्या मध्ये तर ती नेहमी सापडतात, पण कानातही जातात. फिरून आल्यावर कुत्रे अचानक एकाच बाजूचा कान झटकू लागले, मान त्या बाजूला धरू लागले, तर ते कुसळ असू शकते. चिमट्याने आत शोधू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

गोचिडांची गोष्ट बारमाही आहे. पाळीच्या आतल्या घड्या, पाळीचा बुडाशी असलेला छोटा कप्पा, बोटांच्या बेचक्या आणि गळपट्ट्याखालची जागा रोज हाताने चाचपावी. गोचीड सापडली तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी. रॉकेल लावू नये, काडीने चटका देऊ नये आणि नखाने चिरडू नये.

शिरवळ ते पुणे | ११ जुलै, दुपारी १.१५

ताईंच्या मुद्द्याला जोड म्हणून सांगतो की पुण्यात गोचिडांमुळे होणारे एर्लिकिया आणि बॅबेसिया हे रक्ताचे आजार आम्ही नेहमी पाहतो. गोचीड काढल्यानंतर पुढचे तीन आठवडे ताप, सुस्ती, हिरड्या पांढऱ्या पडणे किंवा लघवी गडद होणे याकडे लक्ष ठेवावे.

पर्वतीपायथा | ७ ऑगस्ट, रात्री ९.१५

कळवायला महिना लागला, पण पूर्ण तपासणी झाल्यावरच लिहावे असे ठरवले होते. आज बकुळ आणि मनी, दोघींच्या कानांचे नमुने पुन्हा पाहिले. एकही किडा नाही, यीस्टही नाही. दुसरी मात्रा आज दिली. कान धुणे आता बंद करायचे, फक्त रविवारी उघडून पाहायचे आणि वास घ्यायचा, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. खाज चौथ्या दिवसापासूनच कमी झाली होती, आणि खरे सांगायचे तर तेव्हा थांबण्याचा मोह झाला होता.

दाण्यांचा उपाय लागू पडला. पहिले तीन दिवस काहीच न धुता फक्त हात लावला. सहाव्या दिवशी तिने बाटली समोर असताना आपणहून माझ्या मांडीशी पाठ टेकली. सासूबाईंनी सूक्ष्मदर्शकातल्या किड्यांचा फोटो पाहिल्यावर तेलाचा विषय पुन्हा काढला नाही. आता रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की त्याच तिला समोर बसवून पाळ्या उलटून पाहतात, पंजे पाहतात आणि मग रबरी फणी फिरवतात. काकांनी त्यांची बाटली परत घेतली नाही, टाकून द्या म्हणाले.

नखांचे मात्र अजून जमलेले नाही. पुढच्या पायांची चार नखे पांढरी आहेत, त्यांत आतली गुलाबी शीर दिसते, म्हणून टोक कापता येते. बाकीची काळी आहेत आणि त्यांत शीर कुठे संपते हे मला कळत नाही.

कातरी आणि फणी | ७ ऑगस्ट, रात्री १०.०५

वाचून फार आनंद झाला. काळ्या नखाला एकदम कापू नका. भाताच्या दाण्याच्या निम्म्याएवढे टोक काढा आणि कापलेला भाग समोरून पाहा. तो पांढरट आणि खडबडीत असेल तर अजून वाव आहे. मध्यभागी काळसर, ओलसर ठिपका दिसू लागला की तिथेच थांबा, त्याच्या पुढे शीर आहे. चुकून रक्त आलेच तर कॉर्नफ्लोअर चिमटीत घेऊन नखावर दोन मिनिटे दाबून धरा. पुढच्या पायांच्या आतल्या बाजूचे, जमिनीला न टेकणारे नख विसरू नका. ते झिजत नाही आणि वळून त्वचेत रुतते. एका दिवशी एकच पाय करा. चारही पाय त्याच बैठकीत उरकायचे बंधन नाही.

पर्वतीपायथा | ८ ऑगस्ट, सकाळी ७.५०

आज सकाळी डाव्या पुढच्या पायाची दोन काळी नखे कापली. दुसऱ्यात ठिपका दिसला, तिथे थांबले. रक्त आले नाही. उरलेली उद्या.